डाळिंबाची गुटी: फांदी कशी वाढते ते ओळखून रोप कसं करावं

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यात नवी डाळिंब बाग धरायची म्हटली की पहिला प्रश्न रोपांचा येतो. रोपाची किंमत हा त्यातला लहान भाग. रोप कोणत्या झाडावरून आलं, त्या झाडावर तेल्या हा जिवाणूचा रोग होता का, बागेत झाडं सुकवणारी मर होती का, हे विकत घेताना कळत नाही आणि कळतं तेव्हा दोन वर्षं गेलेली असतात. म्हणून खात्रीच्या बागेतून स्वतः गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्या फांदीची साल काढून तिथेच मुळ्या फोडून, रोपं करणं कधीही चांगलं. काम अवघड नाही. तरी बऱ्याच गुट्या वाया जातात, कारण साल कुठे कापायची हे सांगितलं जातं, पण का कापायची हे कुणी सांगत नाही. ते ‘का’ एकदा समजलं की बारीकसारीक चुका आपोआप टळतात.

फांदी वाढते कुठून

नवी फूट आलेल्या झाडाचा एक कोवळा शेंडा हातात घ्या. काडी गोल नाही, चौकोनी लागते. चारही कडा बोटाला जाणवतात. रंग तांबूस, पानंही तांबूस आणि चकचकीत. पानं समोरासमोर जोडीनं आलेली. शेंड्याकडे जाल तशी ती लहान होत जातात आणि अगदी टोकाला मिटलेली असतात. त्या मिटलेल्या पानांच्या आत वाढीचा बिंदू असतो, एका मिलिमीटरपेक्षाही लहान. फांदीची लांबी तिथेच तयार होते. त्या बिंदूच्या कडेला बारीक उंचवटे येतात आणि त्यांची पानं होतात. प्रत्येक पान तयार होताना त्याच्या बगलेत झाड एक डोळा ठेवतं. पुढे पान गळून गेलं तरी डोळा तिथेच राहतो. पानगळ केलेल्या फांदीवर पानाच्या खुणेच्या जरा वर टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा दिसतो, तोच हा डोळा. पुढची फांदी, पुढचं पान, पुढची कळी सगळं यातूनच येतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुना झालेला भाग पुन्हा लांब होत नाही. जमिनीपासून एक फुटावर फुटलेली फांदी दहा वर्षांनीही एक फुटावरच असते, फक्त जाड होते. त्यामुळे झाडाचा सांगाडा पहिल्या वर्षीच ठरवावा लागतो. नंतर फांदी वर सरकेल या आशेवर राहू नये.

शेंडा वाढत असताना तो संजीवक (वाढीचं नियमन करणारं द्रव्य) तयार करतो, ऑक्सिन. ते सालीच्या बाजूनं खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा खुडला की हा दाब जातो आणि लगतच्या जोडीतले दोन्ही डोळे फुटतात; पानं समोरासमोर असल्यामुळे फांद्याही समोरासमोर दोन. डाळिंबाच्या बऱ्याच आखूड फांद्यांचं टोक काट्यात संपतं. तिथे वाढीचा बिंदूच संपलेला असतो, म्हणून पुढची वाढ काट्याखालच्या डोळ्यातून होते.

जाडी मात्र वेगळ्या ठिकाणी तयार होते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओलसर, बुळबुळीत पातळ थर असतो. त्यातून बाहेरच्या बाजूला साल आणि आतल्या बाजूला लाकूड वाढतं. पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली जाते, मुळांनी घेतलेलं पाणी लाकडातून वर जातं. गुटीचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे: साल गोल कापून काढली की खाली जाणारी साखर आणि ऑक्सिन कापाच्या वरच्या कडेला अडतात, पण लाकूड शाबूत असल्यामुळे फांदीला पाणी मिळत राहतं. अन्न आहे, ऑक्सिन आहे, वरून आपण ओल आणि अंधार दिला, तर त्या वरच्या कडेतून मुळ्या फुटतात.

बी का लावू नये

भगवा या वाणाचा दाणा पेरला तर उगवतो. उबदार दिवसांत गर धुऊन काढलेलं बी दोन ते चार आठवड्यांत जमिनीवर येतं. पण त्या रोपाला भगवाच येईल याचा भरवसा नाही. फुलात दुसऱ्या झाडाचा पराग मधमाश्या आणतात, आणि स्वतःच्या परागातूनही गुणांची फेरवाटणी होते. फळाचा रंग, दाण्याचा मऊपणा, सालीची जाडी सगळं बदलू शकतं. नवीन वाण शोधणाऱ्यांना हेच हवं असतं. गणेश हे वाण आळंदी डाळिंबाच्या बियांच्या रोपांतून गणेशखिंडला निवडलं गेलं. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं ‘सोलापूर लाल’ संकरातून तयार केलं. बागायतदाराला मात्र शंभरातली शंभर झाडं सारखी हवीत. गुटी आणि छाट कलमात (कापलेली काडी मातीत लावून केलेल्या रोपात) ती मिळतात, कारण नवं झाड म्हणजे जुन्याच झाडाचा पुढे वाढलेला तुकडा असतो.

आणि म्हणूनच जुन्या झाडाचा रोगही सोबत येतो. याचा विसर पडू देऊ नका.

मातृझाड निवडताना

झाड किमान तीन-चार वर्षांचं, दोन बहार म्हणजे फळांचे हंगाम घेतलेलं, फळाचा रंग आणि आकार डोळ्यांनी पाहिलेला असावा. ज्या बागेत तेल्या आहे त्या बागेतलं निरोगी दिसणारं झाडही घेऊ नये. तेल्याचा जिवाणू काडीत, डोळ्यांपाशी लपून राहतो आणि पावसाळी दमट हवेत बाहेर पडतो. तपासायच्या जागा तीन. पानावर तेलकट, पुढे काळपट होणारे आणि भोवती पिवळी कडा असलेले ठिपके. काडीवर पेरापाशी काळे चट्टे. तिथे काडी वाकवली तर तडकून मोडते. फळावर काळे डाग आणि त्यातून इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारख्या भेगा. यातलं एकही दिसलं तर त्या बागेचा नाद सोडा.

मर ओळखायला एखादी फांदी पिवळी पडून सुकत असेल तर तिच्या खालच्या खोडाचा आडवा काप पाहा. आत करडे-तपकिरी डाग असतील तर ते झाड आणि त्याच्या शेजारची झाडंही वगळा.

ज्या झाडावर गुटी बांधायची त्यावर त्या हंगामात बहार धरू नये. फळं साखर ओढतात आणि मुळ्यांच्या वाट्याला काही उरत नाही. एका झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त फांद्या गुटीला वापरू नयेत असं आमचं मत आहे. लोभानं बांधलेल्या झाडाला सावरायला पुढचं वर्ष जातं.

जमिनीलगत बुडातून येणारे फुटवे सरळ आणि लांब असतात, म्हणून मोह होतो. आपली डाळिंबं स्वतःच्याच मुळांवर असल्यानं फुटव्याचं वाण तेच असतं हे खरं. पण पावसाचे शिंतोडे उडून मातीतली घाण त्यांच्यावर बसते, म्हणून ते टाळलेले बरे. एक वर्षाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, ४५ ते ६० सेंटिमीटर लांब, शेंड्याकडे भरपूर पानं असलेली फांदी निवडा. काडी हिरवट-चौकोनी असेल तर कोवळी आहे, सालीवर करडा रंग चढून गोल झाली असेल तर योग्य.

कधी बांधायची

सोलापुरात जूनचा पाऊस भरवशाचा नसतो आणि हवा कोरडी राहते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ, दमट दिवस मिळतात तेव्हा बांधा. सप्टेंबरमध्ये पाऊस चांगला होतो, पण तेव्हा बांधलेल्या गुटीची तोडणी ऑक्टोबरच्या कडक उन्हात येते. सावलीची सोय असेल तरच तो विचार करावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना गुटी म्हणजे पैसे आणि मजुरी दोन्ही वाया.

बांधण्याआधी झाड ताणावर नसावं. आठवडाभर आधी ठिबक सुरू ठेवा. परीक्षा अशी: एका फांदीवर चाकूनं चीर देऊन साल उचलून पाहा. ती लाकडापासून सहज सुटली आणि आतला भाग ओला चकाकला तर झाडात रस खेळतोय. साल तुकड्या-तुकड्यांनी निघत असेल तर आणखी पाणी द्या आणि चार दिवस थांबा.

साहित्य आणि बांधणी

स्फॅग्नम मॉस म्हणजे वाळलेलं शेवाळ रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजवा. बोअरचं पाणी खारट असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. क्षार मॉसमध्ये साठून कोवळ्या मुळ्यांची टोकं जाळतात. पारदर्शक पॉलिथिन २०० गेजचं, १५ बाय २० सेंटिमीटरचे तुकडे. बांधायला सुतळी. धारदार चाकू. निर्जंतुक करायला १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना चाकू त्यात बुडवायचाच. हे द्रावण पातं गंजवतं, म्हणून संध्याकाळी पातं धुऊन तेलाचा हात फिरवा.

संजीवक म्हणून आयबीए (मुळ्या फोडणारं ऑक्सिन), २००० पीपीएम (दहा लाख भागांत दोन हजार भाग). १ ग्रॅम आयबीए २५० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा आणि मग ढवळत ढवळत २५० मिली शुद्ध पाणी घाला. थेट पाण्यात ते विरघळत नाही, पांढरे कण तळाशी बसतात आणि मग कोणत्या फांदीला किती लागलं याचा पत्ता राहत नाही. द्रावण गडद रंगाच्या बाटलीत, थंड जागी ठेवा. तयार रूटिंग पावडर वापरली तरी चालते, मात्र डब्यावर गुटीसाठी किंवा पक्व काडीसाठी असं लिहिलेलं पाहा.

फांदीच्या टोकापासून ४० ते ४५ सेंटिमीटर खाली, एका पेराच्या लगेच खाली, जागा ठरवा. तिच्या वर-खाली मिळून १५ सेंटिमीटरमधली पानं आणि काटे कापून टाका. काटा राहिला तर तो पॉलिथिन फाडतो आणि ओल निघून जाते. वरची पानं मात्र तशीच ठेवा, साखर आणि ऑक्सिन तिथूनच येणार आहे.

आता चाकूनं फांदीभोवती दोन गोल काप घ्या, मध्ये अडीच ते तीन सेंटिमीटर अंतर ठेवून. काप लाकडाला लागावा, लाकडात शिरू नये. उभी चीर देऊन मधली साल काढा. मग चाकूची बोथट बाजू उघड्या लाकडावर फिरवून तो बुळबुळीत थर खरवडा. बोट फिरवल्यावर निसरडं लागलं नाही म्हणजे झालं. इथेच बहुतेक गुट्या फसतात: तो थर एका बाजूनं दोऱ्याएवढा राहिला तरी त्यातून नवी साल तयार होते, वरची आणि खालची कड जोडली जाते, साखर पूर्वीसारखी खाली वाहू लागते आणि झाडाला मुळी काढायचं कारणच उरत नाही. दीड महिन्यानं उघडून पाहावं तर काप भरून आलेला असतो.

आयबीए फक्त वरच्या कडेला, ब्रशनं. मुळ्या तिथेच येणार आहेत. खालच्या कडेला लावलेलं वाया जातं.

मॉस मुठीत घट्ट पिळा, पाणी टपकणं थांबेपर्यंत. आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि पाच-सहा सेंटिमीटर जाड असा थर कापाभोवती बसवा, वरची कड गोळ्याच्या मधोमध येईल असा. पॉलिथिन दोनदा गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीनं आवळा. वरची गाठ जास्त घट्ट असावी, नाहीतर फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी आत शिरतं. गोळा फांदीवर फिरत असेल तर बांधणी सैल आहे. सैल गोळ्यात वाऱ्यानं फांदी हलते आणि कोवळ्या मुळ्या घासून तुटतात.

वाट पाहताना

चांगल्या दमट हवेत ३० ते ४५ दिवसांत पॉलिथिनमधून पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. लगेच तोडू नका. पांढरी मुळी ठिसूळ असते. तिचा रंग फिकट तपकिरी झाला आणि फाटे फुटलेले दिसले की तोडणीची वेळ झाली.

मॉस पांढुरकं आणि हलकं वाटलं तर ते वाळलंय. सिरिंजनं वरून थोडं पाणी सोडा आणि भोक चिकटपट्टीनं बंद करा. मॉस काळं पडून वास येत असेल तर पाणी शिरून कुजलं, ती गुटी गेली. मुंग्यांनी गोळ्यात घर केलं असेल तर पॉलिथिनला कुठेतरी भोक आहे असं समजा. कापाच्या वरच्या कडेला पांढरट, खडबडीत गाठ आली आहे पण मुळी नाही, असं पुष्कळदा दिसतं. ती गाठ चांगली खूण आहे, घाव भरतोय. पंधरा दिवस आणखी द्या. वरची पानं पिवळी पडून गळू लागली तर काप लाकडात खोल गेलाय, पाणी वर पोचत नाही.

तोडणी आणि पिशवी

एकदम तोडू नका. गोळ्याच्या खाली फांदीच्या अर्ध्या जाडीपर्यंत खाच द्या. आठ दिवसांनी पूर्ण कापा. त्या आठ दिवसांत नव्या मुळ्यांवर पाण्याची जबाबदारी हळूहळू येते आणि फांदीला धक्का बसत नाही.

तोडल्यावर पॉलिथिन काढा, मॉस काढू नका. मुळ्या त्यात गुंतलेल्या असतात. शेंडा थोडा छाटा, निम्मी पानं कमी करा. मूठभर मुळ्या चाळीस पानांची तहान भागवू शकत नाहीत. कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात गोळा पाच मिनिटं बुडवून पिशवीत लावा.

पिशवी ६ बाय ८ इंचाची, खाली भोकं पाडलेली. पोयटा माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समान भाग. इथली काळी माती भरू नये. ती भिजली की चिकट होऊन हवा कोंडते आणि वाळली की तडकून मुळ्या ओढून तोडते. जुन्या डाळिंब बागेतली माती तर अजिबात नको, सूत्रकृमी आणि मरीची बुरशी तिच्यातून येते. पिशवीत भरायची माती मे महिन्यात ओली करून पारदर्शक पॉलिथिनखाली चार ते सहा आठवडे झाकून उन्हात तापू द्या. सोलापूरचं ऊन या कामाला फार उपयोगी आहे, ते फुकट घालवू नका.

पिशव्या ५० टक्के शेडनेटखाली ठेवा, झारीनं हलकं पाणी. दहा-पंधरा दिवसांत डोळे फुगून नवी तांबूस पानं येतील. ती पाहून रोप लागलं असं धरू नये. काडीत साठलेल्या अन्नावरही डोळे फुटतात आणि मुळी चालत नसेल तर ती कोवळी पानं आठवड्यात मान टाकतात. पहिली पानं हिरवी, जाडसर झाली आणि त्यांच्यावर दुसरी जोडी आली, तर मुळी कामाला लागली. महिन्या-दीड महिन्यानंतर रोपं आधी सकाळच्या उन्हात, मग दिवसभर उन्हात न्या.

छाट कलमाचा पर्याय

आंबे बहार या हंगामाच्या छाटणीत डिसेंबर-जानेवारीत पुष्कळ काडी निघते, ती निरोगी बागेतली असेल तर जाळून टाकू नका. २० ते २५ सेंटिमीटरचे, पेन्सिलीहून थोडे जाड तुकडे घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली सरळ, वरचा काप डोळ्याच्या एक-दोन सेंटिमीटर वर तिरका. तिरका काप ही वरच्या टोकाची खूण आहे. काडी उलटी लावली गेली तर ऑक्सिनचा प्रवाह उलटत नाही आणि मुळ्या भलत्या टोकाला यायचा प्रयत्न करतात. खालचं टोक २००० ते २५०० पीपीएम आयबीएमध्ये पाच ते दहा सेकंद बुडवून काडीचा दोन तृतीयांश भाग मातीत घाला. थंडीत मुळ्या हळू येतात, रात्री शेडनेट बाजूनं बंद ठेवा. गुटीपेक्षा रोपं जास्त मरतात, पण शेकड्यांनी रोपं एकदम करता येतात आणि मातृझाडाला वेगळा त्रास नाही.

उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं रोगमुक्त सुरुवातीसाठी चांगली, महाग असली तरी. शेतात आल्यावर मात्र तेल्या त्यांनाही तितकाच होतो.

लागवड, सांगाडा आणि पहिलं फूल

४.५ बाय ३ मीटर अंतरावर एकरी साधारण ३०० रोपं बसतात. भारी जमिनीत गादीवाफ्यावर लावा. रोप लागून गुडघ्याच्या वर गेलं की शेंडा खुडा आणि जमिनीतून येणाऱ्या फुटव्यांपैकी तीन-चार जोमदार ठेवून बाकी काढा. आपल्याकडे एकच खोड ठेवणं धोक्याचं: खोडकिडा किंवा तेल्यानं ते गेलं तर झाडच जातं. तीन-चार असली तर एक काढून टाकूनही बाग उभी राहते. नंतरचे फुटवे मात्र पंधरा दिवसांनी हातानं ओढून काढत राहा. कात्रीनं कापले तर बुडातला डोळा शिल्लक राहतो आणि एकाचे दोन होतात.

पहिल्या दीड-दोन वर्षांत कळी आली तर खुडून टाका. पुढे बहार धरताना साखरेचा आणि डोळ्यांचा तोच जुना नियम चालतो. पाणी तोडून ताण दिला की शेंड्यांची वाढ थांबते आणि साखर काडीत साठते. पानांच्या पक्वतेप्रमाणे इथेफॉन १ ते २ मिली प्रति लिटर फवारून पानगळ केली, शेंडे १० ते १५ सेंटिमीटर छाटले आणि पाणी सोडलं की साठलेल्या साखरेवर डोळे एकदम फुटतात. अशक्त झाडावर इथेफॉन मारू नका, शेंडे वाळतात. नत्र आधीच जास्त दिलं असेल तर पालवी जोरात येईल आणि कळी मागे पडेल.

कळी उमलू लागली की झाडाखाली बरीच फुलं पडलेली दिसतील. त्यांतली बहुतेक नर फुलं असतात. हातात घेऊन पाहा: बूड निमुळतं, फूल घंटेसारखं. ती गळणारच, त्यासाठी फवारणी नको. फळ धरणाऱ्या फुलाचं बूड फुगीर, माठासारखं असतं आणि घोसातलं मधलं, आधी उमलणारं फूल बहुधा तेच असतं. घोसात तेवढं एक ठेवून बाकी काढा. मधमाश्या फिरत असताना कीटकनाशक मारू नये; अगदी गरज पडली तर संध्याकाळी उशिरा मारावं.